हवाई दलातून लोकसभेत : जव्हारच्या राजाची दुसरी कारकीर्द

1939 साली दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा भारतीय हवाई दलात अवघे 16 अधिकारी आणि 144 जवान होते. सहा वर्षांनी युद्ध संपलं तेव्हा हा आकडा 28,500 वर पोहोचला होता आणि त्यात सुमारे 1,600 अधिकारी होते. इतकी भरती एवढ्या थोड्या काळात झाली म्हणजे शांतता आल्यावर या माणसांचं काय करायचं, हा प्रश्नही तितक्याच वेगानं उभा राहणार होता. कुणी घरी परतले, कुणी प्रवासी विमान कंपन्यांत गेले, कुणी गणवेशातच राहिले. या सगळ्यांत एक माणूस असा होता, ज्याच्या घरी त्याचं संस्थान वाट पाहत होतं. ते संस्थान म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्याच्या डोंगराळ भागातलं जव्हार, आणि तो माणूस म्हणजे तिथले राजे यशवंतराव मार्तंडराव मुकणे, गादीवरच्या नावानं पाचवे पतंगशहा.

गणवेशात राहिलेल्यांची वाट आधी पाहू, म्हणजे मुकण्यांनी धरलेली वाट किती वेगळी होती ते कळेल. 1947 नंतर इंग्रज अधिकारी निघून गेले आणि वरच्या जागा एकदम रिकाम्या झाल्या. युद्धात तिशीच्या आत असलेल्या भारतीय अधिकाऱ्यांवर मोठ्या जबाबदाऱ्या आल्या. इंफाळच्या लढाईत नाव कमावलेले अर्जन सिंग 1964 मध्ये हवाई दलाचे प्रमुख झाले, तेव्हा त्यांचं वय पंचेचाळीसच्या आसपास होतं. मुंबईत 1920 साली जन्मलेले हृषीकेश मुळगावकर ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढले. 1947-48 च्या काश्मीर युद्धातल्या कामगिरीबद्दल त्यांना महावीर चक्र मिळालं आणि 1976 मध्ये ते हवाई दलप्रमुख झाले. हैदराबादचे इद्रिस हसन लतीफ यांचंही युद्ध ब्रह्मदेशातच गेलं. फाळणीच्या वेळी पाकिस्तानात जाण्याचा पर्याय समोर असताना त्यांनी भारत निवडला, आणि मुळगावकरांच्या नंतर तेच प्रमुख झाले. या लतीफ यांचा जव्हारशी एक धागा पुढे जुळतो. तो कुठे, ते योग्य जागी सांगतो.

मुकण्यांपुढे बढतीच्या पायऱ्यांचा प्रश्नच नव्हता. त्यांच्या मागे सहाशे वर्षांचं घराणं होतं. महादेव कोळी समाजातल्या मुकण्यांची सत्ता जयबा मुकण्यांपासून सुरू होते. एका बैलाच्या कातड्यात मावेल तेवढीच जमीन मागायची, मग त्या कातड्याच्या बारीक वाद्या काढून त्या एकमेकींना जोडायच्या आणि त्यांनी सारा डोंगर वेढायचा, अशी जयबांच्या चतुराईची दंतकथा जव्हारमध्ये आजही सांगतात. (तीच कथा भूमध्य समुद्राकाठच्या कार्थेज शहराबद्दलही सांगितली जाते. दंतकथांना सरहद्दी नसतात.) इतिहासाला आधार मिळतो तो 1343 सालाचा. जयबांचे पुत्र नेमशहा यांना दिल्लीच्या सुलतानानं राजा म्हणून मान्यता दिली, तेव्हापासून हे घराणं आपली कालगणना मोजत आलं. 1664 मध्ये सुरतेकडे निघालेले शिवाजी महाराज जव्हारजवळ शिरपामाळावर थांबले आणि तिथे विक्रमशहांनी त्यांचं स्वागत केलं, ही आठवण गावानं अजून जपली आहे.

इंग्रजी अमलात या संस्थानाला नऊ तोफांच्या सलामीचा मान होता. विस्तार 310 चौरस मैल आणि 1901 च्या जनगणनेत लोकसंख्या 47,538. म्हणजे आजच्या एखाद्या मध्यम तालुक्याएवढाच हा मुलूख. वस्ती मुख्यतः वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी आणि महादेव कोळ्यांची. उत्पन्नाचा मोठा आधार जंगल. शेजारचा मोखाडा मात्र संस्थानात नव्हता, तो ठाणे जिल्ह्याचा भाग म्हणून थेट इंग्रजांच्या ताब्यात होता. आज आपण ‘जव्हार-मोखाडा’ असं एका दमात म्हणतो, पण 1948 पर्यंत या दोन गावांवर दोन वेगळी सरकारं होती. डोंगर तेच, माणसं तीच, नाचणी-वरीची शेतीही तीच, आणि तरी दाद मागायला जायचं ठिकाण वेगळं. पुढचं सगळं समजून घ्यायचं तर हा फरक लक्षात ठेवायला हवा.

यशवंतरावांचा जन्म 1917 चा. 1927 मध्ये वडील मार्तंडराव वारले आणि दहा वर्षांच्या मुलाच्या नावावर गादी आली. सज्ञान होईपर्यंत कारभार इतरांच्या हाती राहिला, आणि 1938 मध्ये त्यांना पूर्ण अधिकार मिळाले. सत्ता हातात आली तेव्हा ते विशीत होते. वय कमी, संस्थान लहान आणि प्रजा बहुतेक निरक्षर. या परिस्थितीत त्यांनी काय केलं, ते मला त्यांच्या पुढच्या सगळ्या पदांपेक्षा महत्त्वाचं वाटतं. शिक्षण आणि औषधोपचार त्यांनी मोफत केले. राजधानीत रुग्णालय, प्रसूतिगृह, वाचनालय आणि संग्रहालय उभं केलं. कागद, रसायनं, कापड, छपाई अशा उद्योगांना त्यांनी चालना दिली. आणि लांबच्या पाड्यांसाठी फिरते दवाखाने सुरू केले.

या फिरत्या दवाखान्यांपाशी थोडं थांबतो, कारण यात भूगोलाची समज आहे. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार फुटांवर आहे. आजूबाजूला खोल दऱ्या आहेत आणि एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर जायला ओढे ओलांडावे लागतात. पावसाळ्यात इथे इतका पाऊस पडतो की चार-चार महिने पाडे एकमेकांपासून तुटतात. अशा ठिकाणी राजधानीत कितीही चांगलं रुग्णालय बांधलं तरी तापानं फणफणलेलं लेकरू पाठीशी बांधून आई तिथवर पोहोचेलच, याची शाश्वती नाही. म्हणून आजाऱ्यानं दवाखान्यापर्यंत यायची वाट न पाहता दवाखान्यानंच आजाऱ्याकडे जायचं. ऐंशी वर्षांनंतर आज आपण ‘फिरतं आरोग्य पथक’ म्हणून जी व्यवस्था चालवतो, तिचं तत्त्व या छोट्या संस्थानात तेव्हाच अमलात आलं होतं.

याच काळात महायुद्ध सुरू झालं आणि राजांनी हवाई दलात सेवा बजावली. त्या काळी हवाई दल आणि संस्थानिक यांचं नातं जवळचं होतं. निजामाच्या पैशावर उभ्या राहिलेल्या इंग्रजी स्क्वॉड्रन हैदराबादचं नाव लावत. जोधपूरचे महाराजा उमेद सिंग स्वतः वैमानिक होते. त्यांनी बांधलेल्या विमानतळावर युद्धकाळात हवाई दलाचे शिकाऊ वैमानिक तयार होत. बहुतेक संस्थानिक पैसा, विमानं किंवा जमीन देऊन मोकळे होत. जव्हारसारख्या लहान संस्थानाकडे देण्याजोगी तिजोरी नव्हती. तिथल्या राजानं स्वतःच गणवेश चढवला, याची नोंद त्या काळाच्या इतिहासात ठळकपणे व्हायला हवी.

युद्ध संपलं ते 1945 चं वर्ष ठाणे जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यात वेगळ्याच कारणासाठी लक्षात राहिलं. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेनं वारल्यांना संघटित केलं. मे 1945 मध्ये तलासरीजवळ झरी इथे मोठी परिषद भरली. वेठबिगार बंद, लग्नगडी बंद, मजुरीचा दर ठरलेला, या मागण्या होत्या. लग्नगडी म्हणजे लग्नासाठी सावकाराकडून थोडं कर्ज घेतलं आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायको दोघंही जन्मभर सावकाराच्या शेतावर राबली, अशी प्रथा. 10 ऑक्टोबर 1945 रोजी तलवाडा इथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. हे तलवाडा जव्हारपासून लांब नाही, आज ते विक्रमगड तालुक्यात येतं. पुढे गोदावरीबाईंनी हा सगळा लढा ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिला आणि त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

राजा युद्धावरून परतला तेव्हा संस्थानाच्या शिवेलगतची प्रजा अशी जागी झाली होती. तिथल्या राजकारणात उतरणाऱ्या कुणालाही यापुढे या जाग्या माणसाला सामोरं जावं लागणार होतं, मग तो राजा असो वा कार्यकर्ता.

1947 मध्ये जव्हारनं भारतात सामील होण्याच्या करारावर सही केली. या पहिल्या करारानं संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण एवढेच विषय दिल्लीकडे गेले, अंतर्गत कारभार राजाकडे राहिला. खरा बदल झाला तो 1948 च्या विलीनीकरणानं. या दुसऱ्या करारात राजा आपला सगळा कारभार सोडून देतो. बदल्यात त्याला ठरावीक वार्षिक तनखा मिळतो, आणि खासगी मालमत्ता कोणती व संस्थानची कोणती याची यादी करून खासगी त्याच्याकडे ठेवली जाते. तनख्याचं सर्वसाधारण सूत्र असं होतं : संस्थानच्या पहिल्या एक लाख उत्पन्नावर 15 टक्के, पुढच्या चार लाखांवर 10 टक्के, त्यावरच्या रकमेवर साडेसात टक्के. उत्पन्न कमी तर तनखाही कमी, हे या सूत्रातच आलं. जव्हार मुंबई राज्यात गेलं आणि ठाणे जिल्ह्याचा एक तालुका झालं. टेकडीवरचा जय विलास राजवाडा घराण्याकडे राहिला. शाळा, रुग्णालयं, जंगल आणि न्याय सरकारकडे गेले.

विलीनीकरण योग्यच होतं. माणसाच्या जन्मावर राज्य ठरण्याचा काळ संपायलाच हवा होता. पण पाड्यावरच्या माणसाच्या बाजूनं पाहिलं तर एक गोष्ट हातातून गेली. दाद मागायला पूर्वी जव्हारच्या राजवाड्यापर्यंत जाणं पुरे होतं, आता निर्णय घेणारा कलेक्टर शंभर किलोमीटरहून जास्त अंतरावर ठाण्याला बसू लागला. हा दुरावा भरून काढायचा एकच मार्ग लोकशाहीत उरतो, तो म्हणजे लोकप्रतिनिधी.

माजी संस्थानिकांनी निवडणुका लढवणं तेव्हा नवं नव्हतं. उमेद सिंगांचे पुत्र हनवंत सिंग यांनी 1952 मध्ये राजस्थानात काँग्रेसला जबरदस्त आव्हान दिलं, आणि मतमोजणीच्या दिवसांतच स्वतःचं विमान कोसळून त्यांचा मृत्यू झाला. मुकण्यांनी वेगळा रस्ता धरला, ते काँग्रेसमध्ये आले. ठाणे जिल्ह्यात तेव्हा हे सोपं नव्हतं. 1957 ची निवडणूक संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत झाली आणि ठाण्याच्या द्विसदस्य मतदारसंघातून कम्युनिस्ट नेते शामराव परुळेकर लोकसभेत गेले. 1960 मध्ये महाराष्ट्र राज्य झालं आणि लाट ओसरली. 1961 च्या कायद्यानं द्विसदस्य मतदारसंघ मोडून एकसदस्य केले गेले. या बदललेल्या नकाशावर 1962 मध्ये यशवंतराव मुकणे भिवंडीतून तिसऱ्या लोकसभेवर निवडून आले. 1967 मध्ये ते डहाणूतून चौथ्या लोकसभेवर गेले.

डहाणू हा अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघ होता. मुकणे महादेव कोळी समाजाचे, म्हणून ते तिथून उभे राहू शकले. भारतातल्या शेकडो संस्थानिकांत असा योग फार थोड्यांच्या वाट्याला आला असेल : नऊ तोफांचा राजा आणि आदिवासींचा राखीव जागेवरचा प्रतिनिधी, दोन्ही एकच. एरवी आदिवासी म्हणजे ज्यांच्यावर दुसरे राज्य करतात ते, असाच समज आपल्या पाठ्यपुस्तकांनी पसरवला आहे. सहाशे वर्षं राज्य केलेलं हे आदिवासी घराणं त्या समजाला नुसत्या अस्तित्वानंच उत्तर देतं. हे महाराष्ट्राच्या प्रत्येक शाळेत शिकवायला हवं असं मला मनापासून वाटतं.

चौथ्या लोकसभेतच सप्टेंबर 1970 मध्ये संस्थानिकांचे तनखे रद्द करणारं घटनादुरुस्ती विधेयक आलं. लोकसभेत ते मंजूर झालं, राज्यसभेत दोन तृतीयांश बहुमताला अगदी निसटतं कमी पडून ते नामंजूर झालं. सरकारनं राष्ट्रपतींच्या आदेशानं राजांची मान्यताच काढून घेतली, सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबरमध्ये तो आदेश रद्द ठरवला. त्याच महिन्यात लोकसभा विसर्जित झाली. 1971 च्या डिसेंबरमध्ये सव्विसाव्या घटनादुरुस्तीनं तनखे कायमचे संपले. तोवर यशवंतराव राजकारणातून बाजूला झाले होते. 1978 मध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांच्या खासदारकीच्या काळात या पट्ट्यातलं पाणी मुंबईकडे वळत होतं. वैतरणेवरचा मोडकसागर 1957 मध्ये पुरा झाला, वरची वैतरणा 1973 मध्ये. पुढे 2014 मध्ये मोखाडा तालुक्यात कोचाळे इथे मध्य वैतरणा धरण उभं राहिलं. मोखाड्याच्या डोंगरात पडणारा पाऊस मुंबईच्या नळांतून वाहतो, आणि मोखाड्याचे पाडे दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. एक खासदार हे उलटं गणित सुलटं करू शकला असता असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. पण राजा आणि खासदार यांतला फरक इथे स्पष्ट दिसतो. राजा असताना त्यांनी फिरता दवाखाना सुरू करायचा ठरवला आणि तो सुरू झाला. खासदार असताना ते मागणी करू शकत होते, आग्रह धरू शकत होते, हुकूम देऊ शकत नव्हते. पाचशेहून अधिक सदस्यांच्या सभागृहात जव्हारचा आवाज एका माणसाचा होता.

आता लतीफ यांच्याकडे वळतो. 1978 मध्ये, यशवंतराव गेले त्याच वर्षी, मुळगावकर निवृत्त झाले आणि लतीफ हवाई दलप्रमुख झाले. निवृत्तीनंतर मार्च 1982 मध्ये ते महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. त्यांच्या आधीचे राज्यपाल ओ. पी. मेहरा हेही माजी हवाई दलप्रमुखच होते. म्हणजे 1980 ते 1985 अशी सलग जवळपास साडेचार वर्षं महाराष्ट्राचं राजभवन हवाई दलाच्या दोन माजी प्रमुखांकडे होतं. याचा जव्हारशी काय संबंध, असं वाटेल. संबंध घटनेच्या पाचव्या अनुसूचीत आहे. अनुसूचित क्षेत्रांबाबत राज्यपालाला खास जबाबदारी आणि खास अधिकार आहेत. तिथल्या कारभाराचा अहवाल त्यानं राष्ट्रपतींना द्यायचा असतो. एखादा कायदा तिथे लागू होऊ नये किंवा फेरफार करून लागू व्हावा, असं तो जाहीर करू शकतो. आदिवासींची जमीन इतरांकडे जाऊ नये आणि सावकारीला लगाम बसावा म्हणून तो नियम करू शकतो. सावकारी आणि जमीन, 1945 मध्ये वारली ज्यासाठी उठले तेच हे विषय. महाराष्ट्राच्या अनुसूचित क्षेत्रांची आजची यादी 1985 च्या राष्ट्रपती आदेशातून आली आणि जव्हार व मोखाडा त्यात आहेत.

म्हणजे घटनेनं दूरच्या राजभवनातल्या माणसाच्या हाती जव्हारसाठी ते अधिकार दिले, जे जव्हारच्या स्वतःच्या खासदाराकडे कधीच नव्हते. हे अधिकार मुळात कागदावर भक्कम आहेत. वापरणारा सेनानी असो की राजकारणी, ते किती वापरले गेले, हाच प्रश्न आदिवासी कार्यकर्ते वर्षानुवर्षं विचारत आले आहेत आणि तो रास्त आहे.

कारण 1992-93 मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणानं आणि आजारानं लहान मुलं मेली, आणि सारा देश हादरला. मंत्री आले, पत्रकार आले. त्यानंतर जव्हारला अप्पर जिल्हाधिकारी कार्यालय आलं. म्हणजे 1948 मध्ये ठाण्याला गेलेली सत्ता थोडी तरी जव्हारला परत यावी, यासाठी पंचेचाळीस वर्षं आणि इतकी मुलं जावी लागली. फिरते दवाखाने संस्थानाच्या काळात सुरू झाले होते. ते पुढे नेटानं वाढवले असते, प्रत्येक पाड्यापर्यंत पावसाळ्यातही जातील अशी तजवीज केली असती, तर वावर-वांगणीची गोष्ट वेगळी झाली असती, असं माझं ठाम मत आहे. जव्हारच्या सरकारी रुग्णालयाला आजही पतंगशहांचं नाव आहे. पाड्यांवरून येणारे रुग्ण अजून त्याच दारात उतरतात.

1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा झाला. मुख्यालय जव्हारला व्हावं अशी डोंगरपट्ट्यातली मागणी होती, मुख्यालय पालघरला झालं. ठाण्यापेक्षा ते जवळ आहे, तरी घाट उतरून रेल्वेच्या पट्ट्यात जावं लागतंच. सत्ता पाड्यापासून किती लांब असावी, हा यशवंतरावांच्या आयुष्यातून पुढे येणारा प्रश्न अजून तसाच आहे.

या माणसाचं सविस्तर मराठी चरित्र लिहिलं जावं. जय विलास पाहायला येणारे पर्यटक घुमटांचे फोटो काढतात, दाभोसा धबधब्याकडे जातात आणि परततात. त्या राजवाड्यातला माणूस हवाई दलात होता, दोनदा लोकसभेत बसला होता, हे त्यांतल्या फार थोड्यांना माहीत असतं. साहित्य हाताशी आहे. तिसऱ्या आणि चौथ्या लोकसभेच्या कामकाजाचे वृत्तांत संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात कुणालाही वाचायला खुले आहेत. त्यात यशवंतराव मुकण्यांनी काय विचारलं, कशासाठी आग्रह धरला, ते शोधता येईल. जव्हार-मोखाड्यातल्या महाविद्यालयांत इतिहास शिकणाऱ्या मुलामुलींनी हे काम अंगावर घ्यावं. आणि ज्यांच्या घरात संस्थानकाळातले कागद, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, शाळेचे दाखले, जुने फोटो असतील, त्यांनी ते या मुलांना दाखवावेत. फिरता दवाखाना आणि संस्थानची शाळा आठवणारी माणसं आता नव्वदीच्या घरात आहेत. त्यांच्याकडून ऐकून घेण्याचं काम याच वर्षी सुरू करा.